नळीच्या जागी बीट

ताटात नळी ठेवायला गेले आणि खालच्या मजल्यावरचीचा उपास आठवला.

२०२३ सालची ५ एप्रिल, पेसाहची पहिली रात्र. पेसाह म्हणजे आम्हा ज्यूंचा सण, मिसरच्या राजाच्या, फारोच्या, गुलामीतून आमचे पूर्वज सुटले त्याची आठवण. आम्ही न्यू जर्सीत, जर्सी सिटीला राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आमच्या खाली एक मिसरी, म्हणजे इजिप्तचं, कुटुंब आहे: नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा, मांडीवरची मुलगी. कॉप्टिक ख्रिस्ती. या शहरात त्यांची वस्ती बरीच आहे, आणि संध्याकाळी आमच्या जिन्यात जिऱ्या-लसणाचा जो वास भरतो तो मला थेट ठाण्याला नेऊन सोडतो. ईस्टरआधी त्यांचा ५५ दिवसांचा उपास. आपल्यासारखा साबुदाणा-वऱ्याचा नव्हे. मांस, अंडी, दूध, लोणी, प्राण्याचं म्हणून काही चालत नाही. पेसाह आणि ईस्टर मागेपुढेच येतात, म्हणजे आमचा सण तिच्या उपासातच पडणार. हे साधं गणित तिला बोलावताना मी केलंच नव्हतं.

नळी म्हणजे मटणाची नळी. खाटकाकडून आणायची, विस्तवावर भाजायची आणि सेदेरच्या, म्हणजे या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या, ताटात ठेवायची. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा या सणाला कोकरू कापायचे, त्याची ती खूण. खात तिला कुणीच नाही. रात्रभर ताटात पडून राहते आणि सण झाला की कचऱ्यात जाते. आजवर मला तिचं काही वाटलं नव्हतं. पण घरी बोलावलेल्या उपाशी बाईच्या नाकासमोर भाजलेलं हाड मांडायचं, हे काही हातून होईना.

मामांना फोन केला. माझ्या आईचे थोरले भाऊ. मुंबईत रेल्वेत जन्म काढला, आता एडिसनला मुलाकडे असतात. सूर्य मावळायच्या आत पोचायचं म्हणून मामा-मामी गाडीत बसलेच होते.

"मामा, नळीशिवाय चालेल?"

थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज. मग म्हणाले, "बीट ठेव. तालमुदात आहे. बीट आणि भात."

मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा. नंतर तालमुदात, म्हणजे आमच्या पंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, पाहिलं तर खरंच आहे. मंदिर पडल्यावर कोकरू कापायचं कुठे, मग ताटात शिजवलेले दोन पदार्थ कोणते ठेवायचे, यावर पंडितांची चर्चा चालली आहे आणि त्यात रब हुना सांगतात, बीटच्या जातीची भाजी आणि भात. पुढे एक गमतीचा उल्लेख आहे. रवा नावाचे पंडित मुद्दाम बीट-भातच शोधायचे, का, तर तो शब्द रब हुनांच्या तोंडून निघालेला. (गव्हाचा रवा पेसाहला चालत नाही. हा रवा चालतो.) युरोपातल्या ज्यूंनी पुढे पेसाहला तांदूळ वर्ज्य केला. आम्ही कोकणातले, आम्हाला भाताशिवाय सण म्हणजे काय ते कळतच नाही.

तर त्या रात्री नळीच्या जागी उकडलेलं बीट आलं. अर्ध्या तासात त्याचा लाल रस सगळ्या ताटात पसरला, मत्साची, म्हणजे न आंबवलेल्या भाकरीची, कड भिजली, टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर डाग पडला. भाजलेलं हाड कसं कोरडं असतं. ताटात रक्त दिसलं ते मांस काढून टाकल्यावर.

आम्ही बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष, सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असं आमच्याकडे सांगतात. कोकणात तेल गाळायचो, शनिवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. पुस्तकं समुद्रात गेली. हिब्रूतल्या शेमा या प्रार्थनेची ओळ तेवढी तोंडात राहिली. पेसाहचं नावही मागे पडलं. आमच्या जुन्या माणसांच्या बोलीत तो 'अनाशी ढाकाचा सण' होता. अनास म्हणजे आंबट कालवणाचं भांडं. ते झाकून ठेवायचं, आंबवलेलं काही बाहेर काढायचं नाही, एवढा सण. मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे सेदेरची पोथी, छापली गेली, पुढे १८७४ साली पुण्यात चित्रांची. त्या पुण्याच्या हग्गादाच्या सुरुवातीला मत्सा करणाऱ्या बायका आहेत, लुगड्यातल्या, जमिनीवर बसलेल्या. तो कागद मी पडद्यावर मोठा करकरून पाहिलाय. बसण्याची ढब माझ्या आजीची.

मला बरीच वर्षं या झाकणाच्या सणाचं कौतुक वाटायचं. बघा, आमच्या पूर्वजांनी कित्येक पिढ्या पेसाह पाळला आणि त्यात फारोचा सूड नाही, बुडणारं सैन्य नाही, मेलेली पोरं नाहीत! नुसतं एक भांडं आणि त्यावरचं झाकण. यापरता अहिंसक सण कुठला? एकदा मामांना हे ऐकवलं. म्हणाले, "शत्रूला माफ केलं म्हणून नाही गं, पुस्तक बुडालं म्हणून."

त्याआधी, २०२२ साली, मी एक पराक्रम केला होता. सेदेर म्हणजे क्रम, आणि तो ज्या पोथीबरहुकूम चालतो ती हग्गादा. तिच्यातलं खुपणारं सगळं काढून मी घरची हग्गादा तयार केली. देवाने मिसरवर पाठवलेल्या दहा पीडा होत्या, त्यांच्या जागी 'बरीच संकटं आली' एवढंच ठेवलं. चार मुलांच्या गोष्टीत एक शहाणा, एक दुष्ट, एक भोळा आणि एकाला विचारताच येत नाही. त्यातला दुष्ट विचारतो, "हे सगळं तुम्ही कशासाठी करताय?" 'तुम्ही' म्हणतो, 'आपण' नाही. पोथी सांगते, त्याचे दात आंबव. मी त्याचं 'वेगळा विचार करणारा मुलगा' केलं आणि दात तसेच राहू दिले. शेवटाकडे एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्यासाठी दार उघडतात आणि उघड्या दारात म्हणतात, जी राष्ट्रं तुला ओळखत नाहीत त्यांच्यावर तुझा क्रोध ओत. मध्ययुगात युरोपात ज्यूंच्या कत्तली झाल्या, त्या काळात या ओळी पोथीत आल्या. मी त्यांच्या जागी 'तुझं प्रेम ओत' असं घातलं. तसं करणारे पुष्कळ आहेत, माझी काही ही शोधबुद्धी नव्हे. पानं छापली, स्टेपल केली, मुखपृष्ठावर लेकीने कबूतर काढलं.

सेदेर अगदी सुरेख झाला. कुणाला काही बोचलं नाही. हात पुसता पुसता मामा म्हणाले, "छान झालं. आता पेसाह कधी करायचा?"

मी चिडले. ते स्वयंपाकघरात माझ्यामागे आले, फडकं घेऊन ताटल्या पुसायला लागले. म्हणाले, "राग पुस्तकात होता तोवर वर्षातून एकदा, तीन प्याले झाल्यावर, दार उघडून बाहेर सोडत होतो. आता तो कुठे ठेवलायस?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. पण २०२३ च्या सेदेरला मी जुनी हग्गादा परत काढली, सगळ्या ओळींसकट. नवीन एवढंच की त्या ओळी ज्यांच्याबद्दल आहेत ती माणसंही टेबलाला असणार होती.

बारा माणसं आणि आठ खुर्च्या. उरलेले पलंगावर, एक जण उलट्या बादलीवर. सुरुवातीला मत्सा उचलून म्हणायचं असतं: ही हालअपेष्टांची भाकर, आमच्या वाडवडिलांनी मिसरात खाल्ली, जो भुकेला असेल त्याने यावं आणि जेवावं. हे हिब्रूत नाही, अरामीत आहे. त्या काळी बाजारात, रस्त्यावर तीच भाषा चालायची. आमंत्रण द्यायचं तर समोरच्याला कळेल अशा बोलीत द्यावं, असं त्याचं कारण सांगतात. म्हणून मी ते मराठीत म्हणते, मग इंग्रजीत. त्या रात्री शेजारणीच्या नवऱ्याने आपणहून अरबीत म्हटलं. लेक खुदकन हसली, कारण 'खुब्झ' हा शब्द तिला ओळखीचा वाटला. खालच्यांच्या दुकानातल्या पावाच्या पाकिटावर तो असतो.

मग सुईणींची गोष्ट, ही माझी भर. फारोने हुकूम काढला, इब्री, म्हणजे आमच्या पूर्वजांतल्या, बाईला मुलगा झाला की बाळंतपणातच मारून टाका. शिफ्रा आणि पुआ या दोन सुईणींनी मारलं नाही. बोलावून विचारलं तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं, इब्री बायका दणकट आहेत, आम्ही पोचेपर्यंत मोकळ्या होतात. मला यातला खोटेपणा फार आवडतो. हातात शस्त्र नाही, घोषणा नाही, दोन बायका राजापुढे उभ्या राहून साळसूद चेहऱ्याने थाप मारतायत. हग्गादात यांचं नावही नाही. (इब्रींना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेचंसुद्धा जवळपास नाहीच, एका उद्धृत ओळीत येऊन जातं.) आणि मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ दोन तऱ्हांनी लागतो: इब्री सुईणी, किंवा इब्रींच्या सुईणी. दुसरा लावला तर त्या दोघी मिसरी ठरतात. मोशेला नदीतून उचलणारी तर मिसरीच, खुद्द फारोची मुलगी. हे मी वाचलं तेव्हा शेजारणीने नवऱ्याकडे बघून भुवया उडवल्या.

पण त्या सुईणींपाशी रात्र थांबत नाही. पुढे दहा पीडा येतात.

आमच्याकडे वाइनऐवजी मनुकांचं शरबत असतं. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून गाळायच्या. एकेका पीडेचं नाव घेताना करंगळी प्याल्यात बुडवून एकेक थेंब ताटलीत सांडायचा. दाम, रक्त. त्स्फर्देआ, बेडूक. किन्निम, उवा. लहानपणी मी बोट तोंडात घालायचे आणि आजी हातावर फटका द्यायची. "चाटायचं नसतं." का, ते सांगायची नाही. पुढे कुठेतरी वाचलं, की दुसऱ्याच्या दुःखावर आपली सुटका झाली, म्हणून आपल्या आनंदाचा प्याला तेवढा कमी करायचा. कमी केलेलं परत चाटून कसं घ्यायचं?

नवव्या थेंबापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. होशेख, काळोख. मग दहावी. थोरल्या मुलांचा मृत्यू.

"ममा," खालचा मुलगा म्हणाला, "आपण इजिप्शियन आहोत ना? आणि मी थोरला आहे."

सेदेरला मुलांनी प्रश्न विचारायचे, हा नियमच आहे. चार प्रश्न ठरलेले असतात, धाकट्याने ते तालात म्हणायचे, मोठ्यांनी कौतुक करायचं. हा पाचवा. तो छापलेला नव्हता आणि त्याचं उत्तरही. मी पानं चाळायला लागले, नुसती हाताला काहीतरी काम म्हणून. शेजारीण मुलाच्या केसांतून हात फिरवत राहिली. माझ्या नवऱ्याने पाणी ओतलं, ज्यांचे पेले भरलेले होते त्यांनाही.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांचं इंग्रजी रेल्वेतलं आहे, प्रत्येक शब्द उद्घोषणेसारखा सुटा. "मीही थोरला," ते मुलाला म्हणाले. "सहा भावंडांत. म्हणून सकाळपासून उपाशी आहे. सगळ्या थोरल्यांनी आज उपास करायचा असतो."

"का?"

"आमचे थोरले वाचले म्हणून. असं लिहिलंय." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्याएवढे गेले, त्यांचा उपास कुणी धरायचा, ते नाही लिहिलेलं."

मुलाने जरा विचार केला. "मीपण उपासच करतोय. किती दिवस झाले चीज नाही खाल्लं."

"मग आपण दोघं उपाशी," मामा म्हणाले आणि आपला प्याला त्याच्याकडे सरकवला. त्याने बोट बुडवलं, दहावा थेंब टाकला आणि ते बोट शर्टाला पुसलं. कुणी सांगितलेलं नसताना.

त्यानंतर मी पुष्कळ शोधलं. प्रवासातले भटजी असतात तशी मी आहे, पोथी घरी राहिली की आठवेल तेवढं म्हणणारी. पण या प्रश्नापायी बसून वाचलं. तालमुदात एक प्रसंग आहे. समुद्र मिसरी सैन्यावर मिटत होता तेव्हा देवदूत गायला निघाले, आणि देवाने त्यांना थांबवलं: माझ्या हातची लेकरं बुडतायत आणि तुम्ही गाणी म्हणता? हा प्रसंग बऱ्याच जणांना माहीत असतो. मला जे माहीत नव्हतं ते बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, तेविसाव्या अध्यायात सापडलं. मिसऱ्याचा तिटकारा करू नको, कारण तू त्याच्या देशात परका होतास. ज्याने गुलाम केलं त्याच्याविषयी हे सांगितलंय! त्यानेच दुष्काळात आसराही दिला होता, याची ती आठवण. शेजारणीला हे जिन्यातच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आमच्या गोष्टीत तर मिसर म्हणजे आसराच. हेरोद राजा पोरांना मारत सुटला तेव्हा येशूला घेऊन मरियम आमच्याकडेच आली होती."

त्या रात्री जेवणं झाल्यावर मुलांनी बीटचं काय केलं ते सांगायचं राहिलं. आजी सांगायची, तिच्या लहानपणी कोकणात पेसाहला बकरा कापला की त्याच्या रक्तात पंजा बुडवून कागदावर उमटवायचे आणि तो कागद दाराच्या चौकटीला लावायचे. मृत्यूने हे घर ओलांडून पुढे जावं म्हणून. मी ही गोष्ट लेकीला कधीतरी सांगितली होती. तिने आणि खालच्या मुलाने बीटच्या रसात हात बुडवून दोन कागद रंगवले. एक आमच्या दाराला लागला, एक त्यांच्या. इमारतीच्या मालकाने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, कुणाला लागलंबिगलं नाही ना?

अशा सेदेरला इथे मोठी परंपरा आहे, मी काही पहिली नाही. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. त्याच महिन्यात ते ज्यू धर्मगुरू अब्राहम हेशेल यांच्या घरी सेदेरला जाणार होते. वॉशिंग्टनमध्ये दंगल उसळली, लष्कर आलं, आणि पेसाहच्या तयारीसाठी घरी निघालेल्या आर्थर वास्को या तरुणाला रस्त्यावरची मशीनगन दिसली. त्याला वाटलं, हे तर फारोचं सैन्य. बरोबर वर्षाने, ४ एप्रिल १९६९ ला, त्याच शहरातल्या एका कृष्णवर्णीय चर्चच्या तळघरात आठशेच्या आसपास माणसं सेदेरला बसली. ज्यू आणि ख्रिस्ती, गोरे आणि काळे. वास्कोने लिहिलेल्या त्या हग्गादात शांत कायदेभंग सांगणारा थोरो होता आणि नॅट टर्नरही होता, १८३१ साली व्हर्जिनियात गुलामांचं रक्तरंजित बंड करणारा. म्हणजे हा वाद तिथेही मिटला नव्हता, दोघांना एकाच टेबलावर बसवलं होतं. पुढे हेशेल यांच्या मुलीने, सुझॅना हेशेल यांनी, समलिंगी आणि बाजूला टाकलेल्या माणसांसाठी सेदेरच्या ताटात संत्रं ठेवायची रीत सुरू केली. नागपूरकरांनी नोंद घ्यावी. मीही ठेवते. मामा दर वर्षी विचारतात, "हे फळ नंतर खायचं आहे का?"

मामांशी माझा खरा वाद गांधीजींवरून. २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. त्या महिन्यात तिकडे सिनेगॉगं जळत होती. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी १९३९ मध्ये जेरुसलेमहून त्यांना लांबलचक पत्र लिहिलं, अतिशय आदराने आणि अतिशय दुखावून. त्यांचं म्हणणं असं, की सत्याग्रहाला साक्षीदार लागतो. कुणी बघतच नसेल तर ते बलिदान वाऱ्यावर जातं. माझे आजोबा खादी घालायचे. मामा सांगतात, त्यांनी खादी शेवटपर्यंत सोडली नाही, पण त्या लेखाचा विषय निघाला की उठून ओट्यावर जाऊन बसायचे. आणि मग मामा हुकमाचं पान टाकतात: नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं त्या वॉर्साच्या घेटोतला उठाव सुरू झाला तो १९ एप्रिल १९४३ ला, पेसाहच्या पूर्वसंध्येला. "त्यांना काय सांगशील? बीट ठेवा?"

मी काही सांगत नाही. वॉर्सातल्यांना सांगण्याचा अधिकार मला कुणी दिला? मी मामांना दुसरी गोष्ट आठवून देते. १९६२ साली इस्रायलमध्ये नियम निघाला की बेने इस्रायलांची लग्नं इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या वंशाची चौकशी करावी. आम्ही पुरेसे ज्यू आहोत का, ही शंका. आमची माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. कोकणातून गेलेली, मराठीत भांडणारी, गांधींच्या देशातून बसून राहण्याची विद्या घेऊन गेलेली माणसं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला, हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. यावर मामा म्हणतात, "तिथे बघायला लोक होते." म्हणजे पुन्हा बुबरच.

२०२४ ला पेसाह २२ एप्रिलच्या संध्याकाळी आला. मी तो रद्द करायच्या बेतात होते. मामांची मुलगी अश्दोदला आहे, नातू सैन्यात. ऑक्टोबरात हमासचा हल्ला झाल्यापासून मामा रात्री झोपत नव्हते. त्यांना एक खुर्ची रिकामी ठेवायची होती, ओलीस नेलेल्यांसाठी. आमच्याकडे दर वर्षी येणारी एक अमेरिकन ज्यू विद्यार्थिनी ताटात ठेवायला ऑलिव्ह घेऊन आली, गाझातल्या माणसांसाठी. दोघांनीही मला आधी फोन करून विचारलं होतं आणि मी दोघांनाही हो म्हटलं होतं. हो म्हणायला काय जातं?

मत्सा उचलली. जो भुकेला असेल त्याने यावं आणि जेवावं. तीन भाषांत म्हणायचं ते एकीतच म्हटलं गेलं. त्या वसंतात गाझात भुकेने काय चाललं होतं ते टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि रिकामी खुर्चीही सगळ्यांना दिसत होती. मत्सा हातात जड होत नाही, बिस्किटाएवढं वजन तिचं. तरी मी ती खाली ठेवली.

त्या रात्री महाडकडची एक मैत्रीण पहिल्यांदाच आली होती. टेबलावर मिरियमचा प्याला असतो, साध्या पाण्याचा. मोशेची बहीण मिरियम जिवंत होती तोवर रानात इस्रायलांना पाणी मिळालं म्हणून. ही प्रथा नवी, १९८० च्या दशकात बोस्टनच्या बायकांनी सुरू केलेली. पाणी का, असं मैत्रिणीने विचारलं, मी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे तर पाण्यापासूनच सगळं सुरू झालं." मग तिने चवदार तळ्याचं सांगितलं. २० मार्च १९२७. बाबासाहेब पाण्यात उतरले, ओंजळभर प्याले. नंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, डोकी फुटली, आणि बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलटा हात उचलू दिला नाही. मग गावाने १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध करून घेतलं. तिच्या आजोबांनी ते पाणी प्यायलं होतं. महाड म्हणजे आमचाच तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा, आमचं नवगावही त्यातच. मामा मान खाली घालून ऐकत होते. "तेव्हा आम्ही तिथेच होतो," ते मराठीत म्हणाले. "आम्हाला कुणी तळ्यावर अडवलं नाही. आम्हीही कुणाला विचारलं नाही."

शेवटी दार उघडायची वेळ आली. क्रोध ओत. मी कुणाकडेही न बघता म्हटलं, ज्याला म्हणायचं असेल त्याने म्हणावं. मामा उभे राहिले आणि सगळ्या ओळी हिब्रूत म्हणाले, हळू, घशातल्या घशात, एकही न गाळता. विद्यार्थिनी उठून उघड्या दारातून बाहेर जिन्यात जाऊन बसली. तिच्यामागे खालची शेजारीण गेली. दार तसंच उघडं राहिलं, जिन्यातला गार वारा आत येत होता आणि मामांचा आवाज बाहेर जात होता. मामांनी ओळी संपवल्या, बसले, डोळे पुसले. मामी म्हणाली, "दार लावू का?" ते म्हणाले, "नको, ती बाहेर आहे."

शेवटच्या गाण्यांतलं 'एक कोण जाणतो' सुरू झालं तेव्हा दोघी आत आल्या. विद्यार्थिनीने तेरापैकी नवापासून पुढची कडवी म्हटली. त्या रात्री कुणाचंही मत बदललं नाही. मामा आणि ती निघताना एकमेकांशी बोलले नाहीत. मामींनी तिला डब्यात भात दिला आणि तिने घेतला. ती युरोपातल्या ज्यूंची, पेसाहला भात न खाणाऱ्या घरातली. तरी घेतला.

शेजारणीने आणलेलं 'फूल' मात्र संपलं. बाकल्याचं कालवण ते, लिंबू-जिरं घातलेलं, आपल्या वालाच्या बिरड्याची चुलत बहीण. मैत्रीण दोनदा घेऊन म्हणाली, यात कोकम हवं होतं.

२०२५ ला मामा-मामी पेसाहला अश्दोदला गेले. सेदेर शनिवारी रात्री होता, त्यामुळे त्यांनी शुक्रवारीच फोन केला. मागे पोरांचा गलका, कुणीतरी मराठीत ओरडत होतं, चटणीत मीठ नाहीये. मामांनी हवापाण्याचं विचारलं, माझ्या लेकीच्या परीक्षेचं विचारलं. मग खालच्या मुलाचं.

"उपास धरतो का अजून?"

"धरतो. चीज नाही खात."

"यंदा थोरल्यांचा उपास गुरुवारीच येऊन गेला, शनिवारमुळे. सांग त्याला, मी केला." मग जरा थांबून, "ताटात काय, नळी की बीट?"

"बीट."

"मग भात जास्त टाक," मामा म्हणाले. "मागच्या वेळी कमी पडला होता."